दोघांची बोट, दोन तांडेल

प्रश्न :

ताई, मी ५४ वर्षांची, पुण्यात राहते. नवरा यंदा निवृत्त झाला आणि त्याने मित्राकडून ३२ फुटी शिडाची बोट विकत घेतली. बोट मुंबईत गेटवेसमोर नांगरलेली असते. जानेवारीत आपण दोघांनीच मुंबईहून गोव्याला जायचं, असं त्याने ठरवून टाकलंय. दहा दिवसांत पोहोचू म्हणतो, त्यात दोन टप्पे रात्रीचे. मला समुद्र आवडतो, पोहता येतं, बोट लागत नाही. पण बोटीवर मी चहा करते, दोर गुंडाळते आणि ‘हे धर, ते सोड’ ऐकते. नांगर टाकताना तो इतका ओरडतो की शेजारच्या बोटीवरचे लोक वळून बघतात. घरी तो असा अजिबात नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, जाऊ नकोस.’ नवरा म्हणतो, ‘तुला काही करायचं नाहीये, नुसती बस.’ मला जायचंय. भीतीही वाटते, आणि तसं सांगितलं तर तो हिरमुसेल. जाऊ का?

— एक वाचक, पुणे

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

जा. पण या जानेवारीत नको, आणि नुसतं बसायला तर कधीच नको.

तुमच्या पत्रात ओरडण्यापेक्षा मला ‘तुला काही करायचं नाहीये’ याची जास्त काळजी वाटली. तुमच्यावर भार पडू नये म्हणून तुमचे पती ते मनापासून म्हणाले असणार. पण बोटीवर दोनच माणसं असली आणि त्यातल्या एकाला काही येत नसलं, तर त्या बोटीला खलाशी एकच. त्याला आजारी पडायची सोय नाही. फार भयंकर काही घडायला लागत नाही. पाठीत उसण भरली, ऊन बाधलं, आदल्या दिवशीच्या कालवणाने पोट बिघडलं, वळताना शिडाचा आडवा दांडा डोक्याला लागला, एवढंही पुरतं. अंजनवेलचा दीपस्तंभ समोर दिसतोय, दुपारचे तीन वाजलेत, वारा चढतोय आणि ते खाली बिछान्यावर आडवे आहेत. दाभोळच्या खाडीत शिरायचं की तसंच पुढे जयगड गाठायचं, हे तेव्हा तुम्हीच ठरवणार. शीड तुम्हीच उतरवणार, इंजिन तुम्हीच चालू करणार.

म्हणून माझी अट एकच, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. तुम्हा दोघांपैकी प्रत्येकाला ही बोट एकट्याने सुखरूप बंदरात आणता आली पाहिजे.

दोघांची बोट ही खरं तर आळीपाळीने एकट्याची बोट असते. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला ‘तारिणी’ या ५६ फुटी बोटीवरून गोव्यातून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे २०२५ च्या अखेरीस परतल्या. त्यांची तयारी, त्यांचं शिक्षण तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. पण एक गोष्ट ३२ फुटी बोटीलाही तशीच लागू आहे : एक झोपली की बोट पूर्णपणे दुसरीची.

शिकायचं कुठे? नवऱ्याकडे नको. गाडी शिकताना जे होतं तेच इथे होतं, आणि इथे रस्त्याच्या कडेला गाडी लावून भांडण मिटवता येत नाही. कुलाब्याच्या बाजूला सेलिंग क्लब आहेत, तिथे डिंगीवर, म्हणजे एका-दोघांच्या छोट्या उघड्या होडीवर, सुरुवात करा. डिंगी लहान, तुम्ही एकट्या, चूक केली तर लगेच भिजता आणि लगेच सुधारता. वारा कुठून येतोय हे गालाला कळायला लागतं, आणि ते एकदा कळलं की ३२ फुटांची बोटही तीच भाषा बोलते. पुढे जमलं तर ‘कॉम्पिटंट क्रू’ आणि ‘डे स्किपर’ हे रॉयल यॉटिंग असोसिएशनचे अभ्यासक्रम आहेत, प्रात्यक्षिकाचे प्रत्येकी पाच दिवस. तेही पतींच्या शिवाय करा. त्यांना करायचे असतील तर त्यांनी वेगळ्या तुकडीत करावेत.

आपल्या बोटीवर मात्र शिकायचा क्रम उलटा ठेवा : आधी थांबवायला शिका, मग चालवायला. चालत्या वाऱ्यात बोट जवळजवळ जागच्या जागी उभी करता येते, हे अनेक बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं. बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडच्या बाजूला वळवायचं, पण पुढच्या शिडाचा, म्हणजे जिबचा, दोर सोडायचा नाही. वळल्यावर जिब उलट्या बाजूने फुगतं आणि नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, वाऱ्यापासून दूर ढकलतं. मग सुकाणूचा दांडा वारा जिकडे जातो त्या बाजूला नेऊन बांधायचा, म्हणजे सुकाणू तिला पुन्हा वाऱ्याकडे आणू पाहतं. दोन्ही ओढी एकमेकींना तोलून धरतात आणि बोट शांतपणे डुलत हळूहळू वाहत राहते. मोकळं पाणी हवं, एवढीच अट. या अवस्थेत चहा करता येतो, नकाशा बघता येतो, पतींना औषध देता येतं, नुसतं दहा मिनिटं बसून विचार करता येतो. हे तुमच्या हाताने दहा-पंधरा वेळा झालं की भीतीचा मोठा हिस्सा उतरेल, कारण भीती बरीचशी ‘हे थांबवता येत नाही’ याचीच असते.

आणि हीच युक्ती माणूस पाण्यात पडल्यावर पहिली करायची असते. या विषयावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण जोडप्यांच्या बोटीवर याच प्रसंगाचा सराव सर्वांत कमी होतो. ५ नॉटच्या, म्हणजे तासाला ५ सागरी मैलांच्या, वेगाने बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते. जानेवारीतल्या दुपारच्या लाटांत तेवढ्या अंतरावर माणसाचं डोकं वाहत्या नारळाएवढं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. म्हणून पहिल्या दहा सेकंदांत तीन गोष्टी : हाताला येईल ते तरंगणारं सगळं त्यांच्याकडे फेका, जीपीएसवरचं ‘मॅन ओव्हरबोर्ड’चं बटण दाबा, आणि जिबचा दोर न सोडता बोट वळवा. बोट त्यांच्या जवळच थांबते. मग व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर ‘मेडे’ ही संकटाची हाक. मदत नको असेल तर मागाहून सांगता येतं, उशीर झाला तर काही सांगता येत नाही. इंजिन लावण्याआधी बाजूने दोर पाण्यात लोंबत नाहीत ना ते बघा. हळू जवळ जा, आणि ते हाताच्या अंतरावर आले की गिअर न्यूट्रलमध्ये. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याजवळ माणूस असताना इंजिनाला जोर द्यायचा नाही, म्हणजे नाहीच.

इथवर बरेच जण येतात. खरी अडचण पुढे आहे. ८० किलोचा दमलेला, भिजलेला माणूस मीटरभर उंच कठड्यावरून आत घ्यायचा कसा? हाताने ओढून तो येत नाही, तुमच्याच्याने नाही आणि त्यांच्या तालमीतल्या मित्राच्यानेही नाही. चार पदरी कप्पी लागते. तिने ८० किलोचे विसाच्या थोडे वर होतात. एक टोक शीड चढवायच्या मोकळ्या दोराला अडकवून डोलकाठीवर उंच चढवायचं, दुसरं त्यांच्या लाइफजॅकेटच्या पट्ट्यात अडकवायचं, ओढायचा दोर विंचवर, म्हणजे हातरहाटावर, घ्यायचा. त्यांच्या लाइफजॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर जॅकेट वर येतं आणि माणूस खालीच राहतो. हे नांगरलेल्या बोटीवर, शांत पाण्यात, पतींना खरोखर पाण्यात उतरवून करून बघा. मग त्यांनी तुम्हाला काढावं. ज्या दिवशी तुम्ही त्यांना एकटीने बोटीवर घ्याल, त्या दिवसापासून तुमच्या घरातला संवादही बदलेल.

मुळात पडूच नये यासाठी हार्नेस, म्हणजे माणसाला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, एकच जण जागा असेल तर तो बांधलेला. पुढे डोलकाठीशी जायचं तर बांधूनच, आणि दुसऱ्याला सांगूनच. पुरुषांना याचा कंटाळा येतो. उभ्याने कठड्यावरून लघवी करायची नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगा. त्यासाठी खाली संडास आहे.

आता ओरडणं. घरी शांत असलेला माणूस नांगर टाकताना ओरडतो, याची कारणं बहुतेक वेळा स्वभावात नसतात. ते सुकाणूवर मागे, तुम्ही नाळेवर पुढे, मध्ये तीसेक फूट, इंजिनाचा आवाज, तुमच्या कानात वारा. शिवाय कुठे आणि कसा नांगर टाकायचा हे त्यांच्या डोक्यात असतं, तुम्हाला ते त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. उपाय दोन आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

पहिला, जागा बदला. नांगर आणि साखळी उचलणं हे ताकदीचं काम, इंजिनावर बोट हळू नेणं हे निगुतीचं काम. तरी बहुतेक जोडप्यांत जास्त ताकदीचा माणूस चाकाशी उभा असतो आणि बायको नाळेवर साखळीशी झटत असते. हे का, ते कुणाला सांगता येत नाही, पडलेली रीत आहे. उद्यापासून सुकाणू तुमच्याकडे, नांगर त्यांच्याकडे.

दुसरा, बोलणं आधी आणि खुणा नंतर. बंदराच्या बाहेरच पाच मिनिटं थांबा आणि आकडे एकमेकांना मोठ्याने सांगा. समजा आत्ता ओहोटीचं ४ मीटर पाणी आहे, ते भरतीला आणखी ३ मीटर चढेल, आणि नाळ पाण्यापासून १ मीटर वर. झाले ८. त्याच्या पाचपट साखळी, म्हणजे ४० मीटर. कुठल्या बोटीच्या मागे थांबायचं, नांगर सरकला तर कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, हेही तेव्हाच. त्यानंतर तोंड बंद, हात चालू : उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे, न्यूट्रल, सुटला, लागला. सात खुणा पुरतात, त्या स्वयंपाकघरात ठरवता येतात. ठरल्याप्रमाणे झालं नाही तर आरडाओरडा करून सुधारायचं नाही, नांगर वर घेऊन फेरी मारून पुन्हा यायचं. शेजारच्या बोटीवरचे लोक बघतील. बघू देत, त्यांनीही तेच केलेलं असतं.

एवढं झालं की परीक्षा घ्या. शांत हवेच्या एका शनिवारी गेटवेहून मांडव्याला जाऊन यायचं, आणि तुमच्या पतींनी नुसतं बसायचं. सल्ला नाही, सुस्कारा नाही, भुवई वर नाही. जीव धोक्यात असेल तरच उठायचं. त्यांना हे फार जड जाईल. पण त्या दिवशी त्यांना हेही कळेल की स्वतःला बरं नसताना झोपता येईल अशी जोडीदार त्यांना मिळाली आहे. हिरमुसण्याची भीती तुम्ही लिहिली आहे. ‘मला भीती वाटते’ एवढंच म्हटलंत तर ते तुमची समजूत घालत बसतील. ‘मला भीती वाटते, म्हणून मला चालवायला यायला हवं’ असं म्हणा. ज्याने स्वतःच्या हौसेने बोट घेतली, त्याला यापेक्षा आनंदाची गोष्ट कुठली? एवढं ऐकूनही ते ‘नुसती बस’ वरच अडून राहिले, तर मात्र जाऊ नका. त्यांनी तिसरा अनुभवी माणूस घ्यावा, आणि तुम्ही त्यांना पणजीला बसने जाऊन भेटा. यात रुसवा नाही, हिशेब आहे.

आता त्यांचा बेत. दहा दिवसांत गोवा हा मला पटत नाही आणि रात्रीचे टप्पे तर मुळीच पटत नाहीत. मुंबई ते गोवा सव्वादोनशे सागरी मैल, म्हणजे ४०० किलोमीटरच्या थोडं वर. आपला किनारा जवळपास सरळ दक्षिणोत्तर आहे आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे अंतर तुम्हालाही नकाशावरून तोंडी काढता येईल. जंजिरा १८ अंश १८ मिनिटांवर, हर्णै १७ अंश ४९ वर. फरक २९, म्हणजे ५ नॉटने सहा तास. मांडव्याहून जंजिऱ्यामागे राजपुरीची खाडी तीस सागरी मैलांपेक्षा थोडं जास्त. हर्णैहून दाभोळ पंधरा-सोळा, तिथून जयगड अठरा-वीस, रत्नागिरी आणखी वीस, रत्नागिरी ते विजयदुर्ग पंचवीस-सव्वीस. सगळे दिवसाउजेडी पुरे होणारे टप्पे. देवाने म्हणा की भूगोलाने म्हणा, या किनाऱ्यावर दर काही तासांवर एक खाडी ठेवली आहे. मग रात्री चालायचं कशासाठी?

रात्री जाळी दिसत नाहीत. मुंबई-रायगडच्या पाण्यात डोलजाळ्यांचे खांब, पुढे मैलोन्मैल पसरलेली वाहती जाळी, त्यांच्यावर कधी मिणमिणता दिवा, कधी नुसता प्लास्टिकचा डबा. दिवसा झेंडे दिसतात, मासेमार हात करून वाट दाखवतात. जाळं पंख्यात गेलंच तर ताबडतोब न्यूट्रल, आणि सुरी लगेच काढू नका. जाळं म्हणजे कुणाचं तरी पोट आहे. जवळ बोट असेल तर हाक मारा, अनेकदा ते स्वतःच सोडवून देतात. पाण्यात उतरायची वेळ आली तर उतरणारा दोराने बांधलेला, इंजिन बंद, आणि इंजिनाची किल्ली उतरणाऱ्याच्या गळ्यात.

वाऱ्याचं आपल्या किनाऱ्यावरचं वेळापत्रक तुम्ही शाळेत शिकलेलंच आहे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा. हिवाळ्यात खारा वारा बहुधा वायव्येकडून येतो, बाराच्या सुमारास जागा होतो, तीन-चारला जोरात असतो आणि सूर्य बुडाल्यावर बसतो. दक्षिणेला जाताना हा मागून-बाजूने मिळतो, म्हणजे जाणं सुखाचं. परतीला तोच तोंडावर येतो, लाटाही तोंडावर. तेव्हा पहाटेच्या मतलईवर निघायचं, जमेल तेवढं उत्तर गाठायचं आणि दुपार चढायच्या आत खाडीत शिरायचं. ‘गोव्याला जाणं’ जमलं म्हणून ‘येणं’ जमेल असं धरून चालू नका. पहिल्या खेपेला परतीसाठी एखाद्या जाणत्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याला, बोटीवर बोलवा आणि त्याचा योग्य मोबदला द्या. त्याच्याकडून जे शिकाल ते कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

खाडीचं तोंड ही या किनाऱ्याची खरी परीक्षा. दाभोळसारख्या मुखांशी वाळूचा उथळ पट्टा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून खारा वारा आला की तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. म्हणून खाडीत शिरायचं ते चढत्या पाण्यावर. इथे पंचांग कामाला येतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे दुपारभर सुकती (उतरतं पाणी) आणि वर वायव्येचा वारा, अगदी नको तेच. अष्टमीच्या आगेमागे मात्र दुपारी पाणी तळाला गेलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत चढत राहतं. शिवाय तो भांगाचा काळ, प्रवाहाला उधाणाचा जोर नसतो. त्यातही वद्य अष्टमी घ्या. पहाटे चंद्र डोक्यावर असतो, नांगर उचलायला उजेड मिळतो. दाभोळचा टप्पा अशा दिवसांत बसवा. वेळ आणि खोली मात्र छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच पक्की करा, पाऊणपट हा नुसता अंदाज आहे आणि दक्षिणेला जाल तसा त्यात फरक पडतो. मुंबईत उधाणाला पाणी ४ मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं, गोव्यात २ मीटरच्या आसपास. नांगराच्या साखळीचा हिशेब बंदरागणिक बदलतो तो यामुळे.

थांबे निवडताना जयगड आणि विजयदुर्ग हातचे ठेवा. शास्त्री नदीचं मुख आणि वाघोटनची खाडी, दोन्हीकडे चांगला आडोसा आहे. हवा बिघडली तर तिथे दोन दिवस निवांत काढता येतात, आणि विजयदुर्गाच्या पायथ्याशी रात्री नांगरून राहणं हे सुख मी तुम्हाला मनापासून सुचवते. मालवणात मात्र स्वतःच्या हिमतीवर शिरू नका. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडपं आहेत. डोक्यावर ऊन असताना, स्थानिक माणूस बोलावून, त्याच्या मागोमाग जा. नाहीतर देवगडला थांबून मालवण गाडीने बघा. वेंगुर्ल्याच्या दीपस्तंभाच्या बेटांना लांबून वळसा घाला.

महिना कुठला? डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. ‘फयान’ चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं होतं, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये, ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला. हंगामाच्या दोन्ही कडा बेभरवशाच्या आहेत, तेव्हा मधला भाग घ्या. आणि दहा दिवस नकोत, तीन आठवडे घ्या. दर दोन-तीन दिवसांनी एक दिवस बोट हलवायची नाही. त्यातले काही तास वेगवेगळे काढायचे. त्यांना इंजिन उघडून बसू दे, तुम्ही डिंगीतून धक्क्यावर जा, लिलाव बघा, बाजार करा, कुणाशी तरी बोला. ३२ फुटांत रुसून जायला दुसरी खोली नसते, म्हणून माणसाला अधूनमधून किनारा लागतो.

बोटीवर एक नियम लिहून लावा : दोघांपैकी कुणीही ‘आज नाही’ म्हणालं तर त्या दिवशी निघायचं नाही. कारण विचारायचं नाही, दुपारी ऊन छान पडलं म्हणून टोमणा मारायचा नाही. तारखेला बांधलेलं परतीचं तिकीट, गोव्यात वाट बघणारे मित्र, हॉटेलचं आरक्षण, यांतलं काहीही ठेवू नका. माणसं वाईट हवेत बाहेर पडतात ती बहुतेक अशा तारखांमुळे.

कागद थोडक्यात. बोटीची नोंदणी, विमा, दोघांची ओळखपत्रं जवळ. २६/११ नंतर किनाऱ्यावर तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी. प्रत्येक बंदरात पोहोचलात की सागरी पोलिसांना आपण होऊन कळवा, वागणूक चांगली मिळते. परदेशातल्या मित्राने दिलेला सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगू नका, आपल्याकडे तो गुन्हा ठरतो. व्हीएचएफ तुम्हाला वापरता आला पाहिजे, त्यांच्याइतकाच.

तर या वर्षी असं करा. या हिवाळ्यात डिंगी शिका, आणि शनिवार-रविवार हार्बरमध्ये आणि मांडव्यापर्यंत. फेब्रुवारीत एकदा राजपुरीला जाऊन परत या, परतीच्या वाऱ्याची चव त्यातच कळेल. पावसाळ्यात बोट वर काढलेली असेल, तेव्हा इंजिन खोलून बघा : फिल्टर बदलणं, पाण्याचा पंप, बॅटरी. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला, बोट पुन्हा पाण्यात उतरली की पाण्यातून माणूस काढण्याचा सराव परत. डिसेंबरच्या वद्य अष्टमीचा हिशेब धरून निघा.

आणि तुमच्या मुलाला नुसती काळजी करायला सोडू नका, काम द्या. त्याच्याकडे बोटीचा फोटो, शिडांचा रंग, थांब्यांची यादी आणि दोघांचे फोन नंबर असू देत. रोज निघताना आणि नांगर टाकल्यावर त्याला निरोप जाईल, आणि निरोप तुम्ही पाठवाल, बाबा नाही. संध्याकाळी सातपर्यंत निरोप आला नाही तर त्याने फोन लावायचा. नऊपर्यंत लागला नाही तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनारी पोलिसांचा १०९३, दोन्ही फिरवायचे, आणि ‘उगाच त्रास कशाला’ हा विचार करायचा नाही, हे त्याच्याकडून आताच कबूल करून घ्या.